‘ती पळून का जात नाही?’ : भयपटाबद्दलची मतं कशी वाचायची

कोणताही भयपट बघून उठलेल्या चार जणांना विचारा, उत्तरं साधारण चारच मिळतात. ‘मला काही भीती वाटली नाही.’ ‘शी, काय घाण दाखवलंय!’ ‘लॉजिकच नाही, ती पळून का जात नाही?’ आणि शेवटचं, थोडं मोठ्या माणसासारखं, ‘बाकी काही म्हणा, मेसेज चांगला आहे.’

कवितेवर कुणी असं एका ओळीत मत दिलं तर वर्गात आपण त्याला लगेच ‘का?’ असं विचारतो. भयपटावरचं मत मात्र आपण गप्पा म्हणून सोडून देतो. या लेखात ही चार मतं अभ्यासाला घेऊ. प्रत्येक मत नेमकं कशाबद्दल बोलतं, ते सिनेमाबद्दल किती सांगतं आणि बोलणाऱ्याबद्दल किती, एवढंच बघायचं आहे. तिसऱ्या मतापाशी जरा जास्त थांबू, कारण ते वाक्य सिनेमाच्या बाहेरही रोज ऐकू येतं.

नमुना म्हणून २०१७ साली आलेला विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ घेऊ. ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी शेवट सांगत नाही.

१. आधी प्रकार समजून घेऊ

इंग्रजीत ‘स्लॅशर’ नावाचा भयपटाचा एक प्रकार आहे. त्यात एक खुनी असतो, त्याच्या हातात धारदार काहीतरी असतं आणि तो एकेकाला गाठून मारतो. याच प्रकाराची एक शाखा रानातली. शहरातली तरुण मंडळी गाडी काढून आडवाटेला जातात, रस्ता चुकतात किंवा पेट्रोल संपतं, एक एकाकी घर लागतं आणि त्या घरातली माणसं निघतात मारेकरी. टोबी हूपर यांचा ‘द टेक्सास चेनसॉ मॅसेकर’ (१९७४) हा या शाखेचा मोठा आरंभबिंदू. पुढे वेस क्रेव्हन यांचा ‘द हिल्स हॅव आइज’ (१९७७), तळ्याकाठच्या शिबिरात घडणारा ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ (१९८०) आणि आपल्या पिढीनं लॅपटॉपवर बघितलेला ‘राँग टर्न’ (२००३).

कॅरल क्लोव्हर या अभ्यासिकेनं १९९२ च्या आपल्या पुस्तकात या सिनेमांची रचना उलगडून दाखवली. शेवटी एक मुलगी उरते. सगळे मेलेले ती बघते, किंचाळते, धावते आणि अखेर लढते. क्लोव्हर यांनी या पात्राला दिलेलं नाव आता सगळीकडे रूढ झालंय. मराठीत आपण तिला ‘शेवटची मुलगी’ म्हणू. प्रेक्षक आधी खुन्याच्या डोळ्यांनी बघत असतो आणि हळूहळू या मुलीच्या बाजूला येतो, हे त्यांचं निरीक्षण आजही उपयोगी पडतं.

मराठीत असा शुद्ध स्लॅशर जवळजवळ नाहीच. ‘लपाछपी’ तसा भुताचा सिनेमा. पण सांगाडा तोच आहे. नेहा (पूजा सावंत) आठ महिन्यांची गरोदर. नवऱ्याच्या, तुषारच्या, डोक्यावर कर्ज आहे आणि वसुलीवाले मागे लागलेत. म्हणून ड्रायव्हर भाऊराव या दोघांना आपल्या गावाकडच्या घरी लपायला घेऊन जातो. घर उसाच्या मधोमध. घरात भाऊरावची बायको तुळसाबाई (उषा नाईक). आणि उसात मुलांचे आवाज, जे नेहाला लपाछपी खेळायला बोलावतात. शहर सोडून आडरानात आलेलं जोडपं, एकाकी घर, गोड बोलणारी यजमानीण, आणि चक्रव्यूहासारखं शेत. जंगलाच्या जागी ऊस आला एवढाच फरक.

अर्थात फरक आणखीही एक आहे, आणि तो मोठा आहे. अमेरिकी साच्यात जी पोरं दारू पितात, प्रेमात पडतात ती आधी मरतात आणि ‘शहाणी’ मुलगी वाचते. इथे नायिका पहिल्यापासून विवाहित आणि गरोदर. तिच्यावरचं संकट तिच्या कुठल्या ‘चुकी’मुळे आलेलं नाही, ते तिच्या आईपणाच्या वाटेनं आलंय.

२. ‘मला काही भीती वाटली नाही’

या मतावर वाद घालता येत नाही. नाही वाटली तर नाही वाटली. पण ते कुठे आणि कसं बघून दिलंय ते विचारायला हवं.

सयाजीगंजात आमच्या खोलीवर आम्ही काही जणांनी ‘लपाछपी’ लॅपटॉपवर बघितला. खिडकी बंद केली तरी स्टेशनवरच्या गाड्यांची अनाउन्समेंट आत येत होती. नेहा उसात एकटी उभी, आणि इकडे गुजराती, हिंदी, इंग्रजीत क्रमानं कुठली तरी एक्सप्रेस लेट असल्याची सूचना. कुणीतरी हसलं आणि ताण सुटला. एक गुजराती मैत्रीण सबटायटल वाचत बघत होती. ती मध्येच म्हणाली, ‘मने तो बीक लागी,’ आणि उशी कवटाळून बसली. बाकीचे तिला चिडवू लागले. आता ‘सिनेमा भीतीदायक आहे का?’ याचं उत्तर त्या खोलीतून काय द्यायचं? तीच माणसं, तोच पडदा, दोन उत्तरं.

भीतीला अंधार लागतो असं आपण समजतो. ‘लपाछपी’त मात्र बरंचसं भय दिवसाउजेडी आहे. उन्हात उभा असलेला ऊस. ज्यानं ऊस फक्त रसवंतीच्या ग्लासात बघितलाय त्याला ते हिरवंगार शेत म्हणजे एक छान पार्श्वभूमी वाटेल. ज्याचं बालपण ऊसपट्ट्यात गेलंय त्याला माहीत असतं की वाढलेला ऊस माणसाच्या डोक्याच्या बराच वर जातो, आत शिरलं की दोन हातांपलीकडचं दिसत नाही, आणि पात्यांनी हात ओरबाडून निघतात. जुन्नरच्या बाजूला तर बिबट्या उसातच राहतो, पिल्लंही तिथेच घालतो. त्या भागातल्या माणसाला ‘उसात काहीतरी आहे’ हे वाक्य ऐकायला भुताची गरज नाही. म्हणजे भीती अर्धी पडद्यावर असते, अर्धी बघणारा घरून घेऊन येतो.

आणि हसण्याचं काय? मराठी प्रेक्षक भयपटात हसला तर सिनेमा फसला असं समजायचं कारण नाही. अमेरिकेतला खुनी बाहुला आपल्याकडे १९९३ साली महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’त तात्या विंचू होऊन आला. समोर लक्ष्मीकांत बेर्डे. बाहुला रामदास पाध्यांचा आणि तात्या विंचू दिलीप प्रभावळकरांचा. कित्येक मराठी मुलांनी सुरी घेऊन धावणारा मारेकरी पहिल्यांदा बघितला तो हसत हसतच, आणि त्याच रात्री अंथरुणात पाय पोटाशी घेऊन झोपली. हसणं आणि भिणं आपल्याकडे शेजारी राहतात.

वेळही मत बदलते. राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये आला. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा त्यानं पहिल्या वेळेपेक्षा जास्त गल्ला जमवला. सिनेमा तोच होता. मधल्या सहा वर्षांत त्याच्याबद्दल बोलणारी माणसं वाढली होती.

३. ‘शी, काय घाण दाखवलंय!’

इथे आपल्या अभ्यासक्रमातली एक जुनी गोष्ट कामाला येते. भरतमुनींच्या रसविचारात भयानक आणि बीभत्स हे दोन वेगळे रस आहेत. भयानकाचा स्थायीभाव भय, बीभत्साचा जुगुप्सा, म्हणजे किळस. रोजच्या बोलण्यात आपण दोन्हीला ‘हॉरर’ म्हणतो आणि घोटाळा होतो. दाराबाहेर पाऊल वाजलं की जे होतं ते भय. जखम जवळून दाखवली की जे होतं ती जुगुप्सा. पहिल्यात माणूस पुढे काय होणार म्हणून अडकून बसतो. दुसऱ्यात तोंड फिरवतो. रानातल्या स्लॅशरमध्ये दोन्ही असतात, पण प्रमाण वेगवेगळं. ‘राँग टर्न’ बीभत्साकडे झुकतो, ‘लपाछपी’ भयानकाकडे.

गंमत अशी की ‘घाण’ म्हणून ज्याची कीर्ती झाली त्या ‘टेक्सास चेनसॉ’मध्ये रक्त प्रत्यक्षात फारच कमी दिसतं. मांसाच्या आकड्याला मुलगी अडकवण्याचा जो प्रसंग लोक शहारत सांगतात, त्यात आकडा आत जाताना दिसतच नाही. करवतीचा आवाज, किंकाळी, उकाडा, हाडांचे ढीग यांतून प्रेक्षक उरलेलं चित्र स्वतः भरतो, आणि नंतर ‘मी बघितलं’ म्हणून सांगतो. ब्रिटनमध्ये या सिनेमाला कात्री न लावता प्रमाणपत्र मिळायला १९९९ साल उजाडलं. काही तुकडा कापला की काम झालं असं करता येत नव्हतं, कारण त्रासदायक जे होतं ते सगळ्या सिनेमाभर पसरलेलं होतं.

म्हणून ‘घाण दाखवलंय’ असं कुणी म्हणालं की त्याला शांतपणे विचारावं : नेमकं काय दाखवलं? बरेचदा उत्तर देताना माणूस अडखळतो. त्यानं सिनेमाबद्दल खोटं सांगितलेलं नसतं. सिनेमानं त्याच्याकडून किती काम करून घेतलं, ते त्याला त्या क्षणी कळतं.

४. ‘लॉजिकच नाही. ती पळून का जात नाही?’

आता मुख्य मुद्दा. भयपटाबद्दलचं सगळ्यात जास्त ऐकू येणारं मत हेच. ऐकायला ते तर्काचं वाटतं. पण आपण खुर्चीत बसलेले असतो, पार्श्वसंगीत आपल्याला ऐकू येत असतं, पोस्टर आपण बघितलेलं असतं. पात्राला यातलं काहीच नसतं. तेव्हा या मताची परीक्षा करायला मी तीन प्रश्न सुचवते.

पहिला : त्या क्षणी पात्राला काय माहीत होतं?
दुसरा : त्या क्षणी पात्राला काय करणं शक्य होतं?
तिसरा : ते केलं असतं तर त्याची किंमत काय होती?

नेहाला लावून बघू. तिला काय माहीत होतं? नवरा सोबत आहे, आणि एक वयस्कर बाई तिला वेळेवर खाऊ घालतेय, तिच्या पोटातल्या जिवाची काळजी करतेय. विचित्र आवाज येतात, पण गरोदरपणात असे भास होतात असं सांगायला आजूबाजूला माणसं आहेतच. काय शक्य होतं? आठव्या महिन्यात अनोळखी शेतातून धावणं. किंमत काय? शहरात वसुलीवाले वाट बघतायत. म्हणजे ती मूर्ख म्हणून थांबलेली नाही, तिच्यासाठी प्रत्येक दिशेला एक भिंत आहे, आणि त्यातली एकही भिंत भुतानं बांधलेली नाही. कर्ज, गरोदरपण, नवऱ्याचा निर्णय, वडीलधाऱ्यांचं गोड बोलणं. भुतं नंतर येतात.

हेच तीन प्रश्न वाईट सिनेमाला लावले की तो उघडा पडतो. गाडी नेमकी तेव्हाच सुरू होत नाही, मोबाइलची रेंज नेमकी तेव्हाच जाते, पाच जण कारण नसताना पाच दिशांना जातात. तिथे पात्र अडकलेलं नसतं, लेखकानं अडकवलेलं असतं. अशा वेळी ‘लॉजिक नाही’ हे मत बरोबर आहे आणि ते ठणकावून सांगावं. अडकलेली आणि अडकवलेली यांतला फरक ओळखता आला की निम्मी समीक्षा झाली.

आता आणखी एक गोष्ट बघा. २०१५ च्या नवदीप सिंग यांच्या ‘एनएच १०’मध्ये गुडगावचं एक जोडपं हायवेवर एका मुलीला तिच्याच घरची माणसं ओढून नेताना बघतं. नवरा, अर्जुन, गाडी काढून त्यांच्या मागे रानात जातो आणि पुढचं सगळं त्यातून होतं. त्याच्याबद्दलही लोक ‘काय गरज होती?’ म्हणतात. पण सूर वेगळा असतो. पुरुष पात्रावर राग येतो तो त्यानं जास्त केलं म्हणून, ‘हिरोगिरी’ केली म्हणून. बाईवर राग येतो तो तिनं केलं नाही म्हणून.

आणि हे वाक्य सिनेमागृहात थांबत नाही. सासरी मार खाणाऱ्या मुलीबद्दल नातेवाइकांच्या बैठकीत काय बोललं जातं ते आठवा. ‘एवढं होत होतं तर आली का नाही निघून?’ ‘माहेरी एक फोन करायचा ना.’ शब्द तेच, सूर तोच. तिला त्या वेळी काय माहीत होतं, काय शक्य होतं, किंमत काय होती, हे विचारायला कुणी थांबत नाही. आपण भयपट बघताना जी सवय लावून घेतो, तीच घेऊन त्या बैठकीत बसतो.

ॲरिस्टॉटलनं शोकात्मिकेचा परिणाम सांगताना भय आणि करुणा या दोन भावना जोडीनं घेतल्या. भय वाटतं कारण समोरचा आपल्यासारखाच आहे. करुणा वाटते कारण त्याच्यावर आलेलं दुःख त्याच्या वाट्याला यायला नको होतं. ‘तिनं पळायला हवं होतं’ असं म्हटलं की दोन्ही एकाच फटक्यात बाजूला होतात. ती आपल्यासारखी नाही, आपण हुशार आहोत, म्हणून भय नाही. चूक तिची आहे, म्हणून करुणा नाही. ‘मला भीती वाटली नाही’ आणि ‘ती मूर्ख आहे’ ही दोन मतं पुष्कळदा एकाच तोंडून येतात, ती यामुळेच.

बायबल वाचणाऱ्यांना इथे लूकच्या शुभवर्तमानातला तेरावा अध्याय आठवेल. शिलोह इथला बुरूज कोसळून अठरा माणसं मेली. ती इतरांपेक्षा जास्त पापी होती असं तुम्हाला वाटतं का, असं येशू विचारतो, आणि उत्तरही स्वतःच देतो : नाही. रविवारी मिस्साला हे ऐकून मान डोलावणं सोपं आहे. संध्याकाळी सिनेमा बघताना तोच प्रश्न लागू करणं अवघड जातं, कारण अमेरिकी स्लॅशरचा साचा नेमका उलटा आहे. तिथे बुरूज पाप्यांवरच पडतो.

५. ‘मेसेज चांगला आहे’

‘लपाछपी’बद्दल हे मत हमखास येतं, कारण सिनेमा स्त्रीभ्रूणहत्येबद्दल बोलतो. हे कौतुक खरं आहे, पण त्यात एक पळवाटही आहे. ‘मेसेज’ शब्द उच्चारला की सिनेमा दुसऱ्या कुणाला उद्देशून आहे असं आपण ठरवून टाकतो. त्या तुळसाबाईला. त्या उसातल्या गावाला.

रानातल्या स्लॅशरचा हा जुना रोग आहे. शहरी प्रेक्षकाला बरं वाटतं, की क्रूरपणा तिकडे राहतो, डांबरी रस्ता संपतो तिथे. ‘टेक्सास चेनसॉ’मधलं कुटुंब कत्तलखान्यात काम करणारं आहे आणि नव्या यंत्रांमुळे तिथल्या लोकांच्या नोकऱ्या गेल्याचा उल्लेख सिनेमातच आहे. पण प्रेक्षकांना मुखवटा लक्षात राहतो, गेलेली नोकरी राहत नाही. गावातल्या माणसाला असा सिनेमा कसा वाटला, हे तर सहसा कुणी विचारतही नाही.

आता आकडे बघू. २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयाच्या दर हजार मुलग्यांमागे भारतातल्या खेड्यांत ९२३ मुली होत्या, आणि शहरांत ९०५. गुजरातचा एकूण आकडा ८९०, आणि इथेही शहरांची स्थिती खेड्यांपेक्षा वाईट. महाराष्ट्रात एकूण ८९४. तिथे मात्र खेडी ८९० आणि शहरं ८९९, म्हणजे गाव थोडं मागे, आणि बीड जिल्हा ८०७ वर. तेव्हा गाव निर्दोष आणि शहर दोषी, असं सोपं उलटं चित्रही काढता येत नाही. पण एवढं नक्की, की गर्भलिंगनिदानाचं यंत्र उसात उगवत नाही. ते दवाखान्यात असतं, त्याला वीज लागते, डॉक्टर लागतो, पैसे लागतात. म्हणूनच कायदा करावा लागला, महाराष्ट्रात १९८८ साली आणि देशभरासाठी १९९४ साली. सोनोग्राफी केंद्राच्या भिंतीवर ‘इथे गर्भलिंग सांगितले जात नाही’ ही पाटी आपण आपल्याच शहरात वाचतो.

म्हणून ‘मेसेज चांगला आहे’ म्हणणाऱ्याला पुढचा प्रश्न विचारावा : कुणासाठी? उत्तर ‘त्या लोकांसाठी’ असं आलं, तर मेसेज पोचलेला नाही असं समजायला हरकत नाही.

दिग्दर्शकानं हाच सिनेमा २०२१ मध्ये हिंदीत ‘छोरी’ म्हणून केला, नुसरत भरूचा आणि मीता वशिष्ठ यांना घेऊन, आणि तो थेट ओटीटीवर आला. ऊस तिथेही आहे. दोन्ही बघून तुलना करण्यासारखी आहे, विशेषतः त्या घरातल्या बाईचं बोलणं. तुळसाबाईचं मराठी आपल्या कानाला ओळखीचं वाटतं, घरातल्या कुणाचं तरी वाटतं. ‘खा गं पोरी’ अशा सुरातली माया जेव्हा भीतीदायक होते तेव्हा ती मुखवट्यापेक्षा जास्त लागते, कारण तो सूर आपण जेवायच्या ताटावर ऐकलेला असतो. ज्यांनी भाषा नसताना बघितला त्यांच्या मतातून हा थर गळून जाणारच.

६. मत लिहिताना

आपल्या मंडळात सिनेमावर टिपण लिहिणाऱ्यांसाठी थोडक्यात :

(अ) भीती वाटली की नाही हे लिहा, पण कुठे, कुणासोबत, कोणत्या पडद्यावर बघितला तेही लिहा.
(आ) भय आणि किळस वेगळे मोजा. प्रत्यक्ष दिसलं काय आणि तुम्ही मनानं भरलं काय, हे शक्यतो पुन्हा बघून तपासा.
(इ) ‘लॉजिक नाही’ लिहिण्याआधी तीन प्रश्न विचारा : काय माहीत होतं, काय शक्य होतं, किंमत काय होती.
(ई) ‘मेसेज’ हा शब्द वापरलात तर तो कुणाला आहे तेही लिहा, आणि त्या यादीत स्वतःला धरा.

स्वाध्याय

१. नारायण धारप किंवा रत्नाकर मतकरी यांची कोणतीही एक कथा वाचा. कथेतलं भय शेवटच्या उलगड्यावर उभं आहे की वातावरणावर, ते ठरवा. असा उलगडा स्लॅशर सिनेमात मिळाला नाही तर मराठी वाचक नाराज होईल का? दहा ओळी लिहा.

२. तुम्ही बघितलेल्या एका भयपटातलं ‘मूर्खपणाचं’ पाऊल निवडा आणि त्याला वरचे तीन प्रश्न लावा. पात्र अडकलेलं निघालं की अडकवलेलं?

३. घरात किंवा शेजारी कुणाबद्दल तरी ‘ती निघून का आली नाही?’ असं बोललेलं ऐकलं असेल, तर त्या बाईचं नाव न लिहिता, तिला त्या वेळी कोणत्या भिंती होत्या याची यादी करा. ही वही तपासायला देऊ नका, स्वतःपाशी ठेवा.